काचेच्या पेल्यातलं सूत

दुपारी दोन वाजता मला घरात बसवत नाही. जेवणं झालेली असतात, भांडी पालथी घातलेली असतात, वाडी जरा आडवी झालेली असते, आणि मी डोक्यावर टॉवेल टाकून मळ्यात निघते. वांगी बघायला. सकाळी बघून उपयोग नसतो. सकाळी मरायला टेकलेलं झाडसुद्धा ताठ उभं असतं. दुपारी दोनला ते मान टाकतं. मग संध्याकाळी परत जायचं. नुसत्या उन्हानं मान टाकलेलं झाड संध्याकाळपर्यंत सावरतं. रोगानं टाकलेलं पहिल्या दिवशी सावरतं, दुसऱ्या दिवशी अर्धवट, तिसऱ्या दिवशी नाही. या सगळ्यात पानं हिरवीच राहतात. डाग नाही, भोक नाही, पिवळेपणा नाही. हिरवंगार झाड उभ्या उभ्या मरतं आणि मरेपर्यंत कुणाला काही सांगत नाही.

दोन हंगाम, एखादा दिवस सोडला तर, माझी ही खेप चुकलेली नाही. आणि ती वांगी माझी नाहीत, माझ्या जावेची आहेत.

ती माझी सख्खी जाऊ नव्हे, भावकीतली. आमच्या घराच्या खाली चाळीस पावलांवर तिचं घर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, तोंडानं माझ्यापेक्षा मोठी. नवरा मुंबईला गाडीवर ड्रायव्हर, वर्षातून दोनदा घरी. माझा नवरा मिरजोळ्याला कंपनीत, रोज घरी. यावरून ती मला टोमणे मारते. म्हणते, "वयनी, तुमचा रोज येतो म्हणून तुमाला वांग्यांची काळजी करायला वेळ मिळतो. माजा येत नाय, मला त्याचीच काळजी."

माझं स्वतःचं काम आंब्याची कलमं बांधण्याचं. पावसाळ्याच्या तोंडाशी कोयी रुजत घालायच्या, तांबूस कोंभ वर आला की तो छाटून मधोमध चीर द्यायची, चिरीत हापूसच्या काडीची पाचर बसवायची आणि वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. ते महिने मला वाकलेली पाठ सरळ करायलाही फुरसत नसते. पाऊस ओसरला की थोडी मोकळीक मिळते, तेव्हा मी भाजीची रोपं करते. वांगी, मिरची, टोमॅटो. कलमं मी विकते. भाजीची रोपं आमच्या वाडीत कुणी विकत नाही, ती द्यायची असतात. ज्या घरी रोपं चांगली झाली त्या घरी बाकीच्या बायका फणसाचं पान किंवा फुटकी पाटी घेऊन येतात, मोजून नेतात, आणि पहिला तोडा झाला की त्यातलं एक वांगं देणाऱ्या घरी परत येतं. बाकी देणं-घेणं काही नाही.

रोप देण्याचीही रीत आहे. मुळाशी माती ठेवूनच द्यायचं. सासूबाई म्हणायच्या, उघड्या मुळाचं रोप म्हणजे अनवाणी पाठवलेली लेक. त्या गेल्या, त्यांचं वांग्याचं बी माझ्याकडे राहिलं. त्यांनी ते गुहागरकडच्या माहेराहून आणलेलं: लांबट, फिकट हिरवं, देठाला काटे. आणि ही रीतही राहिली. मी पंचवीस वर्षं मुळाशी मूठभर माती ठेवून रोपं देत आले आणि मला त्याचा अभिमानसुद्धा होता.

त्यांची आणखी एक रीत होती, ती मात्र मी सोडली. रोपांचा वाफा त्या आधी भाजून घ्यायच्या. भाताच्या राबाला भाजतात तसं: सुकलेलं शेण, पातेरा, थोडी कवळं म्हणजे छाटलेल्या डहाळ्या पसरायच्या, वर माती भुरभुरवायची आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायची. मग त्या राखेत बी. दोन वर्षांमागे त्या वेळी माझ्या कलमांची गाडी जायची होती, रोपं पिशव्यांत भरून द्यायची होती, आणि वाफा भाजायला सवड नव्हती. मी म्हटलं, वांग्याच्या रोपाला कसला आलाय राब. घरामागे मोरीचं पाणी जातं तिथे भुसभुशीत जागा होती. आदल्या वर्षी तिथेच माझी वांगी होती. त्यातली चार-पाच मेली होती. मी वाळवी समजले. खणून वाळवी दिसली नव्हती, पण दुसरं काही सुचलं नाही म्हणून वाळवी.

त्या जागेवर मी बी टाकलं. रोपं उत्तम आली. इतकी की मी स्वतः दोघींना बोलावून दिली.

जाऊ सगळ्यांत शेवटी आली आणि सगळ्यांत जास्त घेऊन गेली. तिला कारण होतं. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी मळ्यात तिच्या सासरचा एक तुकडा आहे. पावसात भात होतं, मग पऱ्याला बांध घालून पाटाचं पाणी आणलं की शिमग्यापर्यंत भाजी. तुकडा तिच्या थोरल्या दिराच्या ताब्यातला. दीर मुंबईत. गणपतीला आला तेव्हा पडवीत बसून म्हणाला, "पडीकच ठेवायचा तर मी काजू लावतो. काजूला कोणी लागत नाय." पावसात जिथे गुडघाभर पाणी उभं राहतं तिथे काजू लावायचा विचार मुंबईत राहूनच सुचतो. पण जमीन त्याची, डोकं त्याचं. जाऊ म्हणाली, मी करते. तो म्हणाला, "शिमग्याला येतो. आई करायची तेव्हा मळ्यात वांगी व्हायची तशी दिसली तर कर पुढं. नाय दिसली तर बोलायचं नाय."

त्या तुकड्यावर तिचं पोट नव्हतं, नवरा पैसे पाठवतो. पण घर सासऱ्यांचं, अंगण सासऱ्यांचं, आणि पेटीची किल्ली सासूकडे. आपण ठरवावं आणि आपण करावं असं तिच्या वाट्याला आलेलं तेवढंच होतं. मला ते माहीत होतं म्हणून मी तिला शंभर रोपं दिली, प्रत्येकाच्या मुळाशी माती ठेवून.

दीड महिन्यानं, फुलं धरायच्या सुमाराला, ती पाठच्या दारानं आली. "वयनी, जरा बगायला येता काय? एक झाड असं झोपलंय जसं दारू प्यालंय."

मी गेले. एकच झाड होतं. मी म्हटलं पाणी कमी पडलं, पाणी सोड. तिनं सोडलं. चार दिवसांनी त्याच सरीतली सहा झाडं झोपली. ती म्हणाली, "आणखी सोडू?" मी म्हटलं, सोड. आज आठवलं तरी माझे कान तापतात. ते पाणी पहिल्या झाडापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे जात होतं आणि जाताना रोग पोचवत होतं. सोडायला मीच सांगत होते.

औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार औषध नाही असं कधी म्हणत नाही. त्यानं दोन पुड्या दिल्या. त्या ओतल्या आणि आणखी अकरा झाडं गेली. तेव्हा मी कृषी सहायक बाईंना फोन केला. घाटावरची मुलगी, नवीन बदली होऊन आलेली, स्कूटीवरून आली. झाडाकडे बघितलं, उपटलं, बुंध्याचा बोटभर तुकडा तिरका कापला आणि मला म्हणाली, "काकू, काचेचा ग्लास हाय का? पाणी एकदम स्वच्छ पाहिजे."

तो तुकडा घेऊन जावेच्या घरी आलो, तिथला पेला घेतला. बाईंनी तो तुकडा पाण्यात अर्धा बुडेल असा धरला. "हलवू नका. बघा फक्त."

आम्ही तिघी पायरीवर बसून पेल्याकडे बघत होतो. दोन-तीन मिनिटं काही नाही. मग कापलेल्या टोकातून एक बारीक पांढरं सूत खाली उतरायला लागलं. दुधात भिजवलेला दोरा पाण्यात सोडावा तसं, सरळ, हळू. मग दुसरं. तळाशी गढूळ झालं.

"जिवाणूजन्य मर," बाई म्हणाल्या. "खोडातून पाणी वर जायच्या नळ्यांत हे बसतं. नळ्या चोंदल्या की झाड तहानेनं मरतं. मुळाशी कितीबी पाणी असू द्या."

"औषध?" जावेनं विचारलं.

"लागल्यावर नाही."

जाऊ उठली आणि पेला परसात ओतायला निघाली. बाई ओरडल्या, "तिथं नको! चुलीत, नाहीतर उकळत्या पाण्यात." मग त्यांनी विचारलं, "रोपं कुठली?"

जावेनं माझ्याकडे बघितलं नाही. पायरीवरचं शेण खरवडत म्हणाली, "बाजारातली."

मी म्हटलं, "माझी. माझ्या परसातली. मुळाच्या मातीसकट." खोटं बोलून रोग जात नाही, आणि बाईंना खरं कळल्याशिवाय पुढचं सांगता येणार नव्हतं. बाईंनी माझा वाफा बघितला, आधी तिथे काय होतं विचारलं, आणि म्हणाल्या, अशा मातीत हा वर्षानुवर्षं राहतो. आपली लाल आंबट माती त्याला मानवते. भाताचं पाणी साचतं तिथे थोडा कमी होतो, संपत नाही. तुम्ही वाफा भाजला नाहीत का? इकडे तर भाजतात ना?

करायचं ते सोडलं होतं आणि सोडायचं ते पंचवीस वर्षं नेमानं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर फिरले. रोपं नेलेली आणखी चार घरं होती. हातात काचेचा पेला, कमरेला कोयती. नवरा कामावर निघताना म्हणाला, "सकाळी सकाळी पेला घेऊन निघालीस, लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत.

वरच्या घरी टोमॅटो होते. टोमॅटोचं वांग्यापेक्षा भराभर आटोपतं. परवा हिरवं झुडूप, आज बांबूला लटकलेली ओली फडकी. बुंध्यावर मुळांच्या बारीक पुळ्या आलेल्या, झाड जणू आणखी मुळं फोडून कुठून तरी पाणी शोधत होतं. पेल्यात धरलं तर सूत लगेच. शेजारच्या घरी मिरची. मिरची सावकाश जाते. आधी एक फांदी, मग एक बाजू. दुसरी बाजू अजून मिरच्या धरून उभी, त्यामुळे ती घरवाली उपटायला तयार होईना. "अर्दी जिती हाय की वयनी! अर्दी मेली म्हणून कोण घरच्याला जाळतं काय?" तिच्याशी मी अर्धा तास भांडले. शेवटी मीच उपटली. तिनं आठ दिवस माझ्याशी अबोला धरला, मग बाकीच्या मिरच्या वाचल्यावर भेंडी आणून दिली. मात्र माझ्याशी बोलली नाही, पायरीवर ठेवून गेली.

त्या भेंडीला काही झालं नव्हतं. मिरचीच्याच सरीत होती, त्याच पाण्यावर. चवळीला काही नाही, मक्याला नाही, काकडीच्या वेलाला नाही. माझ्या स्वतःच्या परसात आल्याचे गड्डे लावलेले होते, ते पीक मात्र गेलं. पानांच्या कडा पिवळ्या पडून गुंडाळायला लागल्या, दांडा ओढला तर हातात आला आणि खालच्या गड्ड्याला असा वास की मी तोंडाला पदर लावला. बाई म्हणाल्या, आल्याचा रोग या रोगाचा भाऊबंद. म्हटलं, भावकी सगळीकडेच असते.

मग मळ्यातली बैठक. पाटाच्या पाण्यावर पाच घरांचे तुकडे. जावेचा दुसरा, तिच्याखाली तीन. पाणी एका तुकड्यातून निघून दुसऱ्यात जातं, कायमचं. खालचे म्हणाले, तिच्या तुकड्यातून निघालेलं पाणी आम्हाला नको. बरोबरच होतं. एकजण म्हणाला, तिनं यंदा पाणी घेऊच नये. तेव्हा जावेनं टिकाव उचलला. मला वाटलं घालते याच्या डोक्यात. ती बांधाच्या कडेला गेली आणि आपल्या तुकड्याला वळसा घालून नवा पाट खणायला लागली. मीही उतरले. दोन दिवस लागले. पाणी तिच्या तुकड्याला न शिवता खाली गेलं, आणि तिनं आपली झाडं पऱ्यातून हंड्यानं पाणी आणून शिंपायची असं ठरलं. उपटलेली वांगी बांधावर सुकवून तिथेच जाळली. आदल्या आठवड्यात तिनं काही पऱ्यात फेकली होती, ती मी गुडघाभर पाण्यात उतरून शोधली. सगळी सापडली नाहीत.

वांग्यांच्या जागी तिनं चवळी, मका आणि भेंडी लावली. मी तिला सांगितलं तेच. तिनं एका शब्दानं मला दोष दिला नाही, आणि मला त्याचाच त्रास व्हायचा. एकदा मी म्हटलं, "बोल की काहीतरी. शिवी दे." ती हंडा उतरवत म्हणाली, "देईन. शिमग्याला देईन. शिमग्याला सगळं चालतं."

शिमग्याला दीर आला. पालखी वाडीत येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पांढऱ्या पायजम्यात मळ्याच्या बांधावर उभा राहिला. मी मुद्दाम तिथे गेले होते.

"वांगी लावते म्हणालीस," तो म्हणाला. "ही चवळी कुठनं आली?"

"भावोजी, वांगी मुंबैला गेली नोकरीला," जाऊ म्हणाली. "चवळी बिचारी गावाला राह्यली."

तो हसला. हसला म्हणून वाचलो. मी पुढे होऊन त्याला सगळं सांगितलं, रोपं माझी, चूक माझी. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वयनी, तुमी म्हणता म्हणून एक वर्ष. पुढल्या शिमग्याला या मळ्यातलं वांगं माज्या पानात पडलं तर तुकडा हिनं कसायचा, मी परत विचारणार नाय. नाय पडलं तर काजू."

वांगंच पाहिजे. आणि वांगंच त्या मातीत जगत नव्हतं.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, आता काय करायचं? तो पेपर वाचत होता. म्हणाला, "तुला काय येतं?" म्हटलं, कलमं येतात. "मग?" असं म्हणून त्यानं पान उलटलं. त्याला काही सुचलं होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण मी त्या 'मग'वर अडकले.

रस्त्याच्या कडेला, गटाराशी, उकिरड्यावर रानवांगं उगवतं. काटेरी झुडूप, वाटाण्याएवढ्या फळांचे घोस. कुणी खत घालत नाही, पाणी घालत नाही, आणि मी ते मेलेलं कधी बघितलं नव्हतं. कृषी सहायक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "करतात काकू, रानवांग्यावर वांग्याचं कलम करतात. मी बघितलंय, केलं नाही." म्हटलं, केलं मीही नाही, पण पाचर ती पाचर.

ते तितकं सोपं नव्हतं. रानवांग्याचं बी रुजायलाच तयार नव्हतं. पहिल्या खेपेला पंधरा दिवस वाट बघून मी माती उकरली. तसं करू नये हे मी लोकांना सांगते. दुसऱ्या खेपेला बी रात्रभर भिजवून टाकलं, तेव्हा कुठे रुजलं, आणि मग वाढेना. माती अर्थातच या वेळी भाजून घेतली होती, पिशव्याही नव्या. आंब्याचा कोंभ हातात जाड लागतो. वांग्याचं देठ म्हणजे जाड सुतळी. माझी पट्टी रुंद पडली, पातं जाड पडलं. दाढीचं पातं मोडून अर्धं केलं, सलाइनच्या बारीक नळीचे तुकडे उभे चिरून त्यांचे चिमटे केले. बांधलेली रोपं आंब्यासारखी उघड्या मांडवात ठेवली तर संध्याकाळपर्यंत वरची काडी कोमेजली. पहिली वीस गेली. मग न्हाणीघरात हलवली. अंधार, ओल, तांब्याच्या बंबाची ऊब. आठ दिवस घरातल्या सगळ्यांनी बाहेर आंघोळ केली. नवरा म्हणाला, "वांग्यांना आत आणि मला बाहेर." पण रोपांनी तग धरला.

चाळीस रोपं जावेला दिली. तिच्या तुकड्यात, त्याच आजारी मातीत. दुसरी जागा तिला नव्हतीच. देताना एकच गोष्ट बजावली: कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्याला माती लागली तर वरच्या वांग्याला मुळं फुटतील, ती मुळं जमिनीत जातील आणि रोगाला दार उघडं मिळेल. "बुंध्याशी मातीची भर लावायची नाही," मी म्हटलं. "सवयीनं हात जाईल. लावायची नाही."

"माज्या हाताला बांधून ठेवते," ती म्हणाली.

तेव्हापासून दुपारी दोनची माझी खेप. ती हसायची. "सासू पण इतकी येत नाय हो." मी वाकून एकेक सांधा बघायची. एकेका बुंध्याशी माती दाबून बघायची. घरी आलं की परत जावंसं वाटायचं. कलमाच्या कामातही मन लागेना, एकदा पातं बोटात गेलं. शेजारी तिनं माझी चार साधी रोपंही लावली होती, न बांधलेली, फरक बघायला. ती महिन्याभरात झोपली. म्हणजे रोग मातीत होता, जागा होता. चाळीस तशीच उभी. फुलं आली. फुलं गळून बोटाएवढी वांगी दिसायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त मोजायचं सुचायचं. चाळीस. चाळीस. चाळीस.

शिमग्याला आठ दिवस होते तेव्हा ती माझ्या पाठच्या दारी आली. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंड गच्च बांधलेली. आत मुळासकट उपटलेलं झाड. माती बाहेर सांडू नये म्हणून पिशवीत आणलं होतं. तेवढं ती शिकली होती.

"कधीपासून?"

"काल दुपारनं. तुमी काल मिरजोळ्याला गेलेलात ना. संध्याकाळी उटलं नाय. आज सकाळी पण नाय."

मी पिशवी उघडली. पानं हिरवी, मान खाली. बुंधा बघितला. सांध्याच्या वरपर्यंत माती चिकटलेली.

"भर लावलीस?"

तिनं बुंध्यावरची माती अंगठ्यानं पुसली.

"लावलीस की नाही?"

"वयनी, हंड्यानं पाणी घालते तर खळगा पडतो. मूळ उघडं पडलं. उघडं मूळ बगवेना मला. या एकालाच लावली, आईची शप्पत."

मूळ उघडं ठेवू नये हे पंचवीस वर्षं मीच सांगितलेलं.

पेला फडताळात वेगळा ठेवलेला असतो, त्यात आम्ही काही पीत नाही. धुऊन गाळलेलं पाणी भरलं. खिडकीत ठेवला, उजेडासमोर. बुंध्याचा बोटभर तुकडा तिरका कापला आणि पाण्यात धरला. तुकडा हलू नये म्हणून काडीला दोरा बांधून पेल्याच्या तोंडावर आडवी काडी ठेवली आणि त्याला लटकवला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ती जमिनीवर बसली. "आलं तर काय?"

"आलं तर आजच्या आज त्या सरीतली दोन्हीकडची काढायची."

"मग शिमग्याला काय दाखवू?"

"आधी बघू दे."

पाच मिनिटं. पाणी तसंच. मी डोळे बारीक केले. एक बारीक कण खाली गेला, तो धुळीचा होता. सात मिनिटं. ती म्हणाली, "वयनी, भावोजींनी काल फोन केलेलान. म्हणाले काजूची कलमं तुमच्याकडनंच घेतो."

"माझ्याकडे काजू नाही."

"मी तेच सांगितलं."

दहा मिनिटं झाली. पंधरा. सूत कधी पंधरा मिनिटं थांबत नाही. पाणी इतकं स्वच्छ होतं की पलीकडची पायरी दिसत होती. माझा विश्वास बसेना. मी उरलेला बुंधा घेतला आणि उभा चिरला, वरपासून खालपर्यंत. रोग असता तर आत तपकिरी रेघ दिसली असती. तपकिरी रेघ नव्हती, पोकळी होती. भुशानं भरलेलं बीळ, आणि बिळाच्या टोकाशी मळकट पांढरी, तांबूस डोक्याची एक अळी, उजेड लागल्यानं अंग आक्रसून घेत होती.

"खोडकिडा," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"अळी. नुसती अळी. पोखरलंय तिनं."

ती उठून माझ्या खांद्यावरून वाकली. मग म्हणाली, "अगो बाय माझे, तू होतीस होय!" आणि अशी हसायला लागली की अंगणात वाळत घातलेल्या भातावरची कोंबडी उडाली. मलाही हसू आलं. आयुष्यात मी शेकडो अळ्या चिरडल्या असतील, एकीलाही बघून बरं वाटल्याचं आठवत नाही.

अर्थात चिरडली. झाड चुलीत घातलं. बाकीच्या एकोणचाळीस झाडांचे बुंधे लगेच जाऊन बघायचे, कुठे भोक आणि भुसा दिसतोय का, असं मी तिला सांगितलं, आणि भर लावलेली आणखी कुठे असेल तर हातानं मोकळी कर.

"एकालाच लावली म्हटलं ना!"

"तरी बघ."

दारात थांबून तिनं पदराच्या गाठीतून एक वांगं काढलं. लांबट, फिकट हिरवं, देठाला काटे. पहिल्या तोड्यातलं. कालच काढलं होतं, पण झाड झोपल्यावर आणायचा धीर झाला नव्हता, म्हणाली.

मी ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं, देठाकडून, टोकाकडून.

"मेलं, वांगं तरी पेल्यात नका घालू," ती म्हणाली. "आता भावोजींना येऊ दे. पानात दोन वाढते."

ती गेल्यावर मी पेला उकळत्या पाण्यानं धुतला आणि फडताळात ठेवला. अडीच वाजून गेले होते. टॉवेल डोक्यावर टाकला आणि तिच्या मागोमाग मळ्यात निघाले. एकोणचाळीस होती का, ते एकदा स्वतः बघायला हवं होतं.